मु. पो. भातकुली

मराठी माणूस पत्ता लिहायला बसला की नावानंतर त्याच्या हातून पहिल्यांदा उतरते ते ‘मु.’. मग ‘पो.’, मग ‘ता.’ आणि ‘जि.’. शाळेत पत्रलेखन शिकवताना ही अक्षरे इतकी घोटून घेतली जातात, की त्यातल्या पहिल्याचा अर्थ पुढे कुणी विचारत नाही. मुक्काम म्हणजे उतरण्याची जागा. फौज तळ टाकते तो मुक्काम, पालखी रात्रीला टेकते तो मुक्काम. तीन पिढ्या एकाच वाड्यात काढलेल्या माणसाबद्दलही मराठी पत्ता एवढेच सांगतो, की सध्या ते इथे उतरले आहेत.

हा शब्द मराठी पत्रव्यवहारात मुरला तो स्वाऱ्यांच्या काळात. पेशवाईतली पत्रे घोडदौडीत लिहिली जात आणि घोडदौडीतच वाचली जात. सरदार आज बुऱ्हाणपुराजवळ, तर आठवड्याने नर्मदेपलीकडे. जासुदांची जोडी पत्र घेऊन निघे, ती गाव शोधायला नव्हे, माणूस शोधायला. सांगितलेल्या ठिकाणी फौज नसली तर कूच कुठे झाले ते विचारायचे आणि मागोमाग जायचे, हे जासुदाचे नेमलेले कामच होते. पत्ता बदललेल्या माणसामागे टपाल पाठवण्याची आपल्याकडची जुनी तऱ्हा ही अशी, पायी धावणाऱ्या माणसांची. तिला अर्ज लागत नव्हता की नोंदवही. लागत होती ती विचारपूस आणि ओळख, आणि या दोन गोष्टी पुढे सरकारी टपालातही टिकल्या.

अमरावतीच्या पश्चिमेला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात वसलेले भातकुली हे गाव या इतिहासाकडे पाहायला सोयीचे आहे. गाव जुने. आदिनाथाच्या मंदिरामुळे जैन यात्रेकरूंना ते ठाऊक आहे. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी याने वसवलेले भोजकट ते हेच, अशी समजूत वऱ्हाडात आहे, आणि काही अभ्यासकांनीही भोजकटाची जागा इथेच धरली आहे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात ‘भोजकट राज्य’ येते. त्या ताम्रपटात दान दिलेले गाव ओळखायचे कसे, तर मधुनदीच्या काठचे, भोजकट राज्यातले, चर्मांक नावाचे. नदी, राज्य, गाव. पाचव्या शतकातला हा वऱ्हाडी पत्ता आजच्या तालुका-जिल्ह्याच्या मांडणीपासून फार लांब नाही. फरक एवढाच, की तांब्यावर कोरलेल्या पत्त्याला बदल अभिप्रेत नव्हता.

कागदावरचा पत्ता मात्र वऱ्हाडात सतत बदलत आला. त्यासाठी इथल्या माणसाला बिऱ्हाड हलवावेही लागले नाही.

भातकुलीतल्या एखाद्या शेतकऱ्याचे घर १८५० सालापासून एकाच ओट्यावर उभे आहे असे धरू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. घर ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’मध्ये गेले. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि पुढे पत्रांवर ‘सी. पी. अँड बेरार’ आले. १९५० साली त्याचा मध्य प्रदेश झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. शंभर-सव्वाशे वर्षांत पत्त्याची शेवटची ओळ इतक्या वेळा खोडून नव्याने लिहावी लागली, आणि घर मात्र एक वीटभरही सरकले नव्हते. मधल्या ओळींचेही तेच. १९०५ साली वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार केले, तेव्हा एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळला. एलिचपूरचे पुढे अचलपूर झाले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि तिथल्या लोकांच्या लग्नपत्रिकांवरचा ‘जि. अकोला’ एका वर्षात जुना झाला.

खुद्द भातकुलीची गोष्ट तर याहून बोलकी. ते तालुक्याचे गाव झाले, पण तालुक्याची तहसील कचेरी कित्येक वर्षे अमरावती शहरातच राहिली. कचेरी गावात न्यावी की शहरात ठेवावी यावरून पुढे मोठा वाद पेटला. तोवर कागदावर ‘तहसीलदार, भातकुली’ लिहायचे आणि तो कागद अमरावतीत पोचायचा, अशी स्थिती होती. बाहेरगावचा माणूस गोंधळला तरी चालत होते. अमरावतीच्या टपालातल्या माणसाला गोंधळून चालत नव्हते.

जुने पत्ते चालत राहिले ते याच माणसांमुळे. नकाशा बदलल्याचे राजपत्रात छापून येई, पण नागपूरच्या मावशीला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला ते कळायला वर्षे लागत. ते जुनेच नाव लिहीत राहत. वर्गवारी करणारा कारकून ‘सी. पी.’ वाचून थैली चुकवत नसे.

पत्र माणसामागे पाठवायचे तर त्याचा खर्च कुणी द्यायचा, हा प्रश्न मात्र बराच काळ खरा होता. १८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारने टपाल सर्वांसाठी खुले केले, तेव्हा दर अंतरावर ठरत. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्राला रुपया पडे. त्या हिशेबात प्रत्येक पुढचे गाव म्हणजे पुढचा खर्च. १ ऑक्टोबर १८५४ पासून नवी व्यवस्था आली. देशात कुठेही जा, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. डलहौसीच्या काळातली ही सुधारणा स्वस्ताईसाठी वाखाणली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. अंतराला किंमतच उरली नाही, तर अमरावतीला आलेले पत्र अकोल्याला किंवा पुण्याला पाठवायला नव्याने पैसे मागण्याला आधार उरत नाही. तिकीट एकदा लागले, ते त्या माणसापर्यंत पोचण्यासाठी लागले, हा विचार इथून शक्य झाला.

तो जगभर मान्य व्हायला आणखी वीस वर्षे गेली. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी बावीस देशांनी टपालाचा करार केला. त्यात एक छोटेसे कलम होते. संघातल्या देशांत पत्र पुन्हा पुढे पाठवले तर जादा आकार घ्यायचा नाही. भारत या संघात १ जुलै १८७६ रोजी सामील झाला. पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात एडिंबरो आणि ऑक्सफर्ड इथे शिकत होते. वऱ्हाडातून एडिंबरोच्या पत्त्यावर टाकलेले पत्र ऑक्सफर्डला जाण्यासाठी पुन्हा तिकीट मागत नसे, ते या कलमामुळे. विद्यार्थी, खलाशी, सैनिक, खटल्यासाठी विलायतेला गेलेले वकील, अशा बिऱ्हाड बदलत राहणाऱ्या सगळ्यांना त्याचा आधार होता.

वऱ्हाडात ही सगळी व्यवस्था रुळांवरून आली. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला आणि बडनेरा हे अमरावतीच्या टपालाचे दार बनले. कापसाच्या पैशाने गावे भरत होती. मारवाडी आणि कच्छी व्यापारी, जिन-प्रेसचे मिस्त्री, मुंबईच्या पेढ्यांचे गुमास्ते हंगामाला येत आणि हंगाम संपला की जात. अशा वस्तीत माणसामागे पत्र पाठवण्याचे काम रोजचेच. खेड्यांपर्यंत मात्र हे सुख लवकर पोचले नाही. तिथे जिल्ह्याच्या निधीवर चालणारी वेगळी ‘जिल्हा डाक’ होती. तिचे उरलेसुरले भाग १९०६ साली मुख्य टपालखात्यात आले. तोवर खेड्यातले पत्र पुष्कळदा पाटील-पटवाऱ्यांच्या, कोतवालाच्या हातून फिरे.

छप्पनच्या दुष्काळात ही ओळखीची साखळीही तुटली. १८९९-१९०० सालच्या त्या दुष्काळाने वऱ्हाड असा झोडपला, की १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. माणसे मेली, माणसे गाव सोडून गेली. कोण कुठे गेले हे सांगायला शेजारी उरला नसेल, तर पत्र परत फिरते. खात्याच्या भाषेत त्याच्या मुक्कामाचे नाव होते ‘डेड लेटर ऑफिस’. तिथे नेमलेला अधिकारी पाकीट फोडून आत पाठवणाऱ्याचा पत्ता मिळतो का पाहत असे. पुढे या कचेरीचे नाव बदलून ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ झाले. मेलेले पत्र परतीचे पत्र झाले, ही खात्याने केलेली फार चांगली सुधारणा म्हणायला हवी.

टपालातले शेरे हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे. ‘घर बंद’. ‘पत्ता अपुरा’. ‘घेण्यास नकार’. ‘मालक मयत’. आणि स्थलांतराच्या बाबतीत निर्णायक ठरणारा शेरा, ‘इसम गाव सोडून गेला’. या चार शब्दांनंतर काय होणार, हे जाणाऱ्या माणसाने निघताना काय केले यावर अवलंबून असे. त्याने ज्या पोस्टातून बटवडा होतो तिथे लेखी कळवले असेल, तर पोस्टमन जुन्या पत्त्यावर आडवी रेघ मारी, शेजारी नवा पत्ता लिही, शिक्का मारून पाकीट पुन्हा थैलीत टाकी. याला पोस्टात आणि गावात एकच शब्द, ‘रिडायरेक्ट’. पत्राला, कार्डाला त्याचे पैसे नाहीत. पार्सल दुसऱ्या गावी न्यायचे तर आकार पडे, कारण ते वजनाचे ओझे. चांगला फिरलेला लिफाफा तिथल्या तिथे वाचता येई. अमरावतीचा शिक्का, मूर्तिजापूरचा शिक्का, अकोल्याचा शिक्का, आणि तीन वेगवेगळ्या शाईंत तीन हस्ताक्षरे. बदलीच्या नोकरीतल्या माणसाची सेवापुस्तिका जणू पाकिटावरच उमटलेली असे.

बदली हा शब्द वऱ्हाडातल्या शिक्षक, तलाठी, वनखात्याच्या आणि रेल्वेच्या कुटुंबांना वेगळा समजवावा लागत नाही. सामान बैलगाडीत, पुढे टेम्पोत चढवताना घरातला कर्ता माणूस एक फेरी पोस्टात मारून येई. मासिकाच्या कचेरीला वर्गणीदार क्रमांक घालून कार्ड, विमा कंपनीला कार्ड, भावाला कार्ड. १८७९ साली पाव आण्याला निघालेल्या पोस्टकार्डाचा हा एक हमखास उपयोग होता. आणि सरकारी फॉर्मवर ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘कायमचा पत्ता’ असे दोन रकाने आले की दुसऱ्यात गावच लिहिले जाई, मग तिथे चुलत्याशिवाय कुणी राहत नसले तरी. नोकरीचे बोलावणे गावच्या पत्त्यावर येऊन पडायचे आणि मुलगा पुण्याला खोली घेऊन राहायचा. अशा वेळी मुलाखतीच्या तारखेआधी पत्र पोचणे हे सर्वस्वी गावच्या पोस्टमनच्या हाती असे.

आणि त्याच्याजवळ अर्ज नसला तरी माहिती असे. ‘थे त पुन्याले गेले नं बाप्पा, मोठ्या पोराकडं’ हे त्याला शेजारणीने कधीच सांगितलेले असे. खेड्यातले शाखा डाकघर म्हणजे पुष्कळदा शाळामास्तरांच्या नाहीतर दुकानदाराच्या घरातली एक खोली, एक कपाट आणि एक वजनकाटा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ डाकघरे होती. आज ती दीड लाखाच्या वर आहेत आणि त्यांतली दहातली नऊ खेड्यांत. ती चालवणारे ग्रामीण डाक सेवक पूर्वी ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणजे खात्याबाहेरचे समजले जात. पगार तुटपुंजा, पण गावाचा सगळा पत्ताबदल त्यांच्या डोक्यात. कायदा त्यांच्यावर कडक नजर ठेवून होता. १८९८ च्या टपाल कायद्याप्रमाणे पत्र दडवणे, नष्ट करणे किंवा फेकून देणे याला सात वर्षांपर्यंत कैद होती. त्याच पत्रासाठी दोन घरे हिंडून नवा पत्ता काढणाऱ्याला कायद्यात वेगळे बक्षीस काही नव्हते.

या सगळ्यात एका स्थलांतराची नोंद कुठल्याच वहीत नीट झाली नाही, आणि ते महाराष्ट्रातले सर्वांत मोठे स्थलांतर. लग्न. मुलगी माहेर सोडून सासरी जाते तेव्हा तिचे गाव बदलते, आडनाव बदलते, आणि अनेक घरांत तांदळात लिहून पहिले नावही बदलले जाई. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. शाळेतल्या मैत्रिणीचे पत्र जुन्या नावाने माहेरी आले, तर ते पुढे पाठवण्यासाठी तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागत. नवे गाव, नवे घर, नवे नाव. वडिलांनी ‘सौ.’ लावून ते नीट लिहून दिले तर पत्र जाई. नाही तर देव्हाऱ्याच्या फळीवर पडून राही आणि दिवाळीला ती आली की हातात पडे, तीन महिन्यांपूर्वीच्या बातम्यांसकट. उलट दिशेला, सासरच्या पत्त्यावर पत्र टाकताना वर ‘मार्फत’ लिहून सासऱ्यांचे नाव घालावे लागे, कारण त्या गावातल्या पोस्टमनला सून अजून नावाने माहीत नसे. बायकांच्या पत्त्यांचा इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात या ‘मार्फत’पासून करावी लागेल.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, कोकणातले. एकाच नावाची अनेक गावे, न लागणारी अक्षरे आणि दहा लिप्यांतले पत्ते यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. ४ म्हणजे पश्चिमेचा विभाग, ४४४ म्हटले की वऱ्हाड. ४४४००१ अकोला, ४४४६०१ अमरावती. वऱ्हाडाला याचा एक फायदा विशेष झाला. पुढे जिल्हे फुटले, तरी आकडे जागच्या जागी राहिले. वाशिम जिल्हा वेगळा झाला, पण पत्राने आपली वाट सोडली नाही. मात्र पिनकोड सांगतो ते पोस्टाचे ठिकाण. माणूस तिथे आहे की गेला, हे तो सांगू शकत नाही.

भातकुली तालुक्यात गेल्या काही दशकांत पत्ताबदलाचा आणखी एक प्रकार पाहायला मिळाला. पेढी नदीवर निंभा गावाजवळ निम्न पेढी प्रकल्पाचे काम सुरू झाले. खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट, त्यामुळे विहिरीवर शेती भिजवता येत नाही. खरिपानंतर शेत मोकळे आणि माणसे कामासाठी बाहेर, हे इथले जुने दुखणे. म्हणून धरणाच्या गोड पाण्याचे मोल इथे मोठे. पण धरणासाठी अळणगाव, गोपगव्हाण, कुंड अशी गावे उठवावी लागली. इथे माणूस गावातून जात नाही, गावच जाते. अशा वेळी रिडायरेक्टचा नियम अपुरा पडतो. एकाचा पत्ता बदलला तर शेजारी सांगतो. सगळ्यांचाच बदलला तर सांगायचे कुणी? नवे प्लॉट, नव्या गल्ल्या, शेजार मोडलेला. कागदावर गावाच्या जुन्या नावाला ‘पुनर्वसन’ हा शब्द चिकटतो आणि आधार कार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, मतदारयादी या सगळ्यांवर तो एकाच वेळी चढत नाही. मोबदल्याची नोटीस मात्र रेकॉर्डवरच्याच पत्त्यावर निघते.

आता घरात येणारे टपाल बदलले आहे. खुशालीची पत्रे फोनवर गेली, तार १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, साधी मनीऑर्डरही गेली. पण पोस्टातून येते ते पूर्वीपेक्षा जोखमीचे. एटीएम कार्ड, पासपोर्ट, पॅन कार्ड, कोर्टाचे समन्स, विद्यापीठाची पदवी. यातली काही पाकिटे मुद्दाम पुढे पाठवली जात नाहीत. बँकेच्या कार्डावर तसे छापलेलेच असते, आणि पासपोर्ट दिलेल्या पत्त्यावर माणूस नसेल तर परत जातो. पूर्वी पोस्टमनची ओळख हीच खात्री होती. आता ओळख नको, ओळखपत्र हवे. फसवणुकीच्या काळात याला कारण आहे, पण बदलून गेलेल्या माणसाचा भार पूर्णपणे त्याच्याच डोक्यावर आला आहे. बँक, आधार, विमा, गॅस, निवडणूक, प्रत्येक ठिकाणी त्याने स्वतः जाऊन कळवायचे.

२०२३ च्या नव्या टपाल कायद्याने १८९८ च्या कायद्याची जागा घेतली आणि तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. पुढच्याच वर्षी टपालखात्याने ‘डिजिपिन’ आणला. देशाच्या जमिनीचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक दिला. पुनर्वसित गावातल्या नाव नसलेल्या गल्लीलाही आता स्वतःचा पत्ता आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण चौकोन जमिनीचा असतो, तिच्यावरून उठून गेलेल्या माणसाचा नव्हे.

म्हणून बिऱ्हाड हलवताना पोस्टातली ती जुनी फेरी अजूनही मारावी लागते. ज्या पोस्टातून पत्रे येतात तिथल्या पोस्टमास्तरांच्या नावे अर्ज करायचा. वर जुना पत्ता पूर्ण, पिनकोडसकट. खाली नवा. घरातल्या ज्या ज्या माणसांचे टपाल येते त्या सगळ्यांची नावे, सुनेचे माहेरचे नावही. कोणत्या तारखेपासून ते, सही, फोन नंबर. अर्ज दिल्यावर पोस्टमनला भेटून तोंडी सांगायचे, आणि शेजारच्या काकूंकडेही नव्या पत्त्याची चिठ्ठी ठेवून यायची.